वाचकांचे प्रश्न : जॅक घेताना टनांआधी उंची बघा

प्रश्न : माझी स्विफ्ट आहे. ब्रेक पॅड आणि ऑइल बदलण्याची कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायची आहेत. दुकानदार म्हणतो दोन टनी ट्रॉली जॅक पुरेल, मित्र म्हणतो तीन टनी घे. गाडी तर जेमतेम ९०० किलोची. मग जास्त टनांचा कशाला? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : वजनापुरतं दुकानदाराचं बरोबर आहे. पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली तरी जॅकवर साडेपाचशे-सहाशे किलोच येतात. अडचण येते ती उंचीची.

दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा असतात, ती जॅक लावायची जागा. तिथून जमिनीपर्यंत टेपने मोजा. समजा १९० मि.मी. भरली. जॅक उचलू लागला की आधी बॉडी वर येते, चाक मात्र सस्पेन्शनबरोबर खाली लोंबत जमिनीलाच टेकून राहतं. त्यात ८० ते १०० मि.मी. जातात. त्यावर स्टँड (उचललेली गाडी धरून ठेवणारा लोखंडी टेकू) सरकवायला ५० तरी हवेत. म्हणजे झाले ३४०. स्वस्त दोन टनी जॅक बहुधा ३०० ते ३४० वर थांबतात. शिवाय त्यांची लांबी कमी, त्यामुळे बंपरखालून आत सबफ्रेमपर्यंत, म्हणजे इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीपर्यंत, पोचत नाहीत. तीन टनी घ्यायचा तो या उंचीसाठी आणि लांबीसाठी. ४०० च्या पुढे जाणारा बघा. सर्वांत खालची उंची १४० पर्यंत चालेल. पंक्चर झालेली गाडी मात्र खाली बसते, तेव्हा १३० असेल तर बरं. वजन पंचवीस-तीस किलो असतं, तिसऱ्या मजल्यावर न्यायचा असेल तर आधीच विचार करा.

जॅकच्या पैशात स्टँडची जोडी धरूनच हिशेब करा. जॅक उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी स्टँड. कडेच्या खाचेत जॅक असला तर स्टँड लावायला जागा उरत नाही, म्हणून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या मधल्या जागेवर जॅक लावा आणि स्टँड कडेच्या खाचांखाली. ऑइल सम्प (इंजिनाचं ऑइल साठतं ते तळाचं भांडं) किंवा गिअरबॉक्सखाली जॅक कधीही लावू नका. सिमेंटचे ब्लॉक तर नकोतच, ते न वाकता एकदम फुटतात.

पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर १८ मि.मी. प्लायचा सलग तुकडा खाली हवा. जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे उचलताना जॅकची चाकं गाडीखाली थोडी सरकावी लागतात. ती फटीत अडकली की जॅकची वाटी, म्हणजे गाडीला टेकणारा वरचा भाग, गाडीवर घासत सरकते, आणि गाडी निसटू शकते. पुढची बाजू उचलताना मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट (चाक गडगडू नये म्हणून लावायचे ठोकळे) लावा. मागची उचलताना हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका. तो मागच्याच चाकांना धरतो आणि ती हवेत असतात. तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवा आणि ओट पुढच्या चाकांना.

प्रश्न : जॅक उचलतो, पण दहा मिनिटांत इंचभर खाली येतो. ऑइल कमी झालं असेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ऑइल कमी असेल तर जॅक पुरती उंची गाठत नाही. आपोआप उतरतो तेव्हा बहुधा जॅक उतरवायच्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा असतो किंवा सील गेलेलं असतं. गाडी काढून व्हॉल्व्ह सैल करा, दहा-पंधरा वेळा हँडल मारा, मग घट्ट करा. हवा आणि बारीक कचरा त्याने निघतो. जॅकचा हात पूर्ण खाली असताना ऑइलची पातळी ते भरायच्या प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी. जॅकचंच हायड्रॉलिक ऑइल घाला. ब्रेक ऑइल घातलं तर सील फुगून खराब होतात. रॅमच्या (ऑइलच्या दाबाने बाहेर येणाऱ्या दांड्याच्या) कडेला ओलं दिसलं तर सील किट बदलूनच घ्या. ओव्हरलोडचा सीलबंद स्क्रू मात्र फिरवू नका.

प्रश्न : बोलेरो उंच आहे. जॅकच्या वाटीवर लाकडाचा ठोकळा ठेवला तर? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : नको. वाटी कमानीत फिरते, ठोकळा तिच्यावर नुसताच टेकलेला असतो, तो निसटतो. मागचं चाक उचलायचं तर जॅक सरळ मागच्या ॲक्सलच्या नळीखाली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळ लावा. तिथे सस्पेन्शन लोंबत नाही, त्यामुळे थोड्याच उंचीत टायर सुटतो. पुढचं चाक उचलायचं तर मॅन्युअलमधली चेसिसवरची जागा आणि बॉटल जॅक (सरळ वर उचलणारा, बाटलीसारखा उभा जॅक). चाकाचे नट मात्र गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा.