ओटीपी जुन्या नंबरवर जातोय, आता काय करू?

मागच्या अंकात मोबाईलवरून बचत खातं उघडण्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज थांबायलाच तयार नाहीत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पुष्कळ जणांची अडचण सारखीच आहे असे प्रश्न घेतलेत. मी काही कॉम्प्युटरवाली नाही, बँकेच्या काउंटरला एकोणतीस वर्षं काढलीत एवढंच.

प्रश्न: ताई, दोन आठवडे झाले, ॲपवरून झिरो बॅलन्स खातं उघडायचं चाललंय. आधार नंबर टाकला की ओटीपी आमच्या मिस्टरांच्या जुन्या नंबरवर जातो आणि तो नंबर तर चार वर्षांपूर्वीच बंद झाला. शिवाय माझ्या पॅनवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, फलटण)

उत्तर: नंबरपासून करा, नाव दोन महिने थांबलं तरी चालेल पण हे थांबवू नका. बंद केलेला नंबर कंपनी काही कपाटात जपून ठेवत नाही, किमान ९० दिवस गेले की तो दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. म्हणजे तुम्ही बटण दाबताय आणि ओटीपी कदाचित कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर टिंग करतोय. आधार केंद्रात जा, नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, बोटांचे ठसे लागतात. केंद्र लांब असेल तर पोस्टात विचारा, २०२१ पासून पोस्टमन घरी येऊनसुद्धा आधारला मोबाईल जोडून देतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि जोडाल तो नंबर तुमच्या नावावरचा, तुमच्या हातातल्या फोनमधला हवा. गावाकडे मी हे फार बघितलंय, घरात सहा माणसं आणि सहाही आधार एकाच नंबरला, तो नंबर कर्त्या माणसाचा, आणि कर्ता माणूस गाडी घेऊन इंदूरला. मग पेन्शनवाली म्हातारी काउंटरसमोर उभी राहून फोनवर ओरडतेय, "अरे आकडा सांग, आकडा!" खातं तिचं, पण चावी त्याच्या खिशात.

आता नाव. आपल्याकडे लग्न झालं की बाईच्या नावाच्या तीन भागांपैकी दोन तर हमखास बदलतात, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. काउंटरवरचा माणूस फोटो बघून समजून घेतो, ॲपला मात्र पॅनवरची आणि आधारवरची या दोन वेगळ्याच बायका वाटतात. तुम्ही आधारला हात लावू नका, तिथं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, ती संधी उगाच घालवू नका. पॅन आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्या, त्यात स्पेलिंगसुद्धा तंतोतंत तेच, एकीकडे शेवटी ए आणि दुसरीकडे डबल ए असलं तरी गाडी अडू शकते. घाई असेल तर ॲप सोडा आणि लग्नाचा दाखला घेऊन सरळ शाखेत जा. दाखला किंवा गॅझेट (सरकारी राजपत्रात छापलेला नावबदल) जोडलं की जुन्या नावाचं ओळखपत्र चालतं, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. साहेबांनी नाही म्हणून मान हलवली तर हे वाक्य सांगा.

प्रश्न: मॅडम मी मूळचा नांदेडचा, पुण्यात जॉबला आहे. दहा महिन्यांपूर्वी आधार ओटीपीवर पाच मिनिटांत खातं उघडलं होतं, एकदम मस्त चालू होतं आणि आता अचानक पगारच जमा होत नाहीये, ॲप म्हणतं फुल केवायसी (म्हणजे पूर्ण ओळख पडताळणी) करा. दोनदा व्हिडिओ केवायसी केली, दोन्ही वेळा रिजेक्ट. खातं फ्रॉड आहे का?

उत्तर: फ्रॉड नाही रे बाबा, खातं अर्धवट आहे. नुसत्या ओटीपीवर घरबसल्या उघडलेल्या खात्याला मर्यादा असते, शिल्लक कधीच १ लाखाच्या वर जायची नाही आणि एका आर्थिक वर्षात एकूण जमा २ लाखांच्या वर नाही. महिना पंचवीस हजार पगार धरला तर आठ महिन्यांत कोटा संपला, तुझं बहुतेक तेच झालंय. आणि हे सगळं फक्त एक वर्षासाठी, तेवढ्यात पूर्ण केवायसी नाही झाली तर खातं बंद करतात. तुझ्याकडे दोन महिने उरलेत. खातं उघडताना हे सगळं त्या लांबलचक अटींमध्ये लिहिलेलं असतं, ज्या आपण खाली सरकवून "मान्य आहे" करतो, मीही करते.

व्हिडिओ केवायसी २०२० पासून चालू आहे आणि ती रिजेक्ट होण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. समोरून बोलणारा बँकेचा माणूस खरा असतो, रेकॉर्डिंग नाही, त्याला तू जिवंत, एकटा आणि भारतात बसलेला दिसायला हवा. म्हणून लोकेशन चालू, फोनमध्ये व्हीपीएन (तू कुठे आहेस ते लपवणारी सोय) असेल तर बंद. पॅन कार्ड खरं हातात पाहिजे, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही (ई-पॅन असेल तर ते कसं द्यायचं हे आधी विचारून घे). कार्ड लॅमिनेट केलेलं असेल तर ट्यूबलाइटखाली त्यावर चमक येते आणि नंबरच दिसत नाही, खिडकीकडे तोंड करून बस.

आणि शेजारी कुणी नको! आमच्याच घरातली गोष्ट, सासूबाईंची व्हिडिओ केवायसी चालू होती, बँकेच्या मुलीनं विचारलं आजी जन्मतारीख सांगा, आणि पलंगामागून आमचे चिरंजीव कुजबुजले, "एकोणीसशे सेहेचाळीस." संपलं. कॉल कट. मला आधी बँकेचाच राग आला, पण नियमच तसा आहे, मागून कुणी सांगताना दिसलं की अर्ज नाकारायचा. दुसऱ्याच्या धाकानं किंवा फसवणुकीनं खातं उघडलं जाऊ नये म्हणून. तुझे रूममेट मागे होते का, आठवून बघ.

प्रश्न: मुलीने नवा फोन दिला. सिम त्यात घातलं, ॲप टाकलं, पण "एसएमएस पाठवता आला नाही" एवढंच येतं. जुन्या फोनवर छान चालत होतं. मी बहात्तर वर्षांचा आहे, रत्नागिरीला एकटा राहतो. (निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, ॲप तुमच्या नकळत तुमच्या सिममधून बँकेला एक मेसेज पाठवतं, खात्याला जोडलेलं सिम याच फोनमध्ये आहे ना हे बघायला. तो मेसेज बाहेर पडला नाही की तुम्हाला दिसतं ते वाक्य येतं. फोनमध्ये दोन सिम असतील तर ॲप विचारेल तेव्हा बँकेला दिलेलं सिम निवडा, मेसेज पाठवायची परवानगी द्या, आणि रिचार्ज संपलाय का बघा, नुसत्या इनकमिंगवर ठेवलेल्या सिमवरून हा मेसेज जात नाही. वायफाय बंद करून एकदा करून बघा. फोनसोबत सिमसुद्धा नवीन घेतलं असेल तर एक दिवस थांबा, सिम बदललं की २४ तास मेसेजची ये-जा मुद्दाम बंद ठेवतात. चोरानं तुमच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढलं तर तेवढ्यात तुम्हाला कळावं म्हणून.

याच्याच उलट एक लक्षात ठेवा, चालू असलेल्या सिमचं नेटवर्क अचानक गेलं आणि शेजाऱ्यांचं मात्र आहे, तर टॉवरला दोष देत बसू नका, दुसऱ्या फोनवरून आधी मोबाईल कंपनीला आणि मग बँकेला विचारा. मुलीला तुमचं ॲप तिच्या फोनवर हवं असेल तर ते असं जमणार नाही. बिलं भरायला तिनं तुमच्याशी फोनवर बोलावं, तेवढंच बोलणं होईल.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर बँकेच्या लोगोसकट "केवायसी आज बंद होईल" असा मेसेज आणि एक फाईल आली. नवऱ्यानं ती उघडली. ओटीपी कुणालाही सांगितला नाही तरी अर्ध्या तासात ४८,००० गेले. बँक म्हणते चूक तुमची.

उत्तर: त्या फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असणार. ती फाईल म्हणजेच एक ॲप, एकदा टाकलं की तुमचे मेसेज त्याला वाचता येतात, ओटीपी सांगायची गरजच उरत नाही. लग्नपत्रिका आणि ई-चलानच्या नावानंही हेच फिरतंय.

हे वाचायच्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला नसेल तर आत्ता करा, पैसे पुढच्या खात्यात थांबलेले असतील तर तिथंच गोठवता येतात, जितका उशीर तितकी आशा कमी. तो फोन फ्लाइट मोडवर टाका आणि दुकानातून पूर्ण रिसेट करून घ्या, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. बँकेला तक्रार लेखी द्या, तारीख आणि वेळ घालून. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची, आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. निष्काळजीपणा तुमचा ठरला तर तक्रारीपर्यंतचं नुकसान तुमचं, नंतरचं बँकेचं. पण तो निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, नुसतं "चूक तुमची" म्हणून हात झटकता येत नाहीत. खरं सांगू, फाईल स्वतः टाकल्यामुळे तुमची बाजू थोडी लंगडी आहे, तरी सोडू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तक्रारीला फी नाही, माहितीसाठी १४४४८.

प्रश्न: मुलाचा कॉलेजमधला मित्र म्हणतो, ॲपवरून खातं उघड, सिम आणि एटीएम कार्ड मला दे, महिन्याला पाच हजार देतो. हे कायदेशीर आहे का?

उत्तर: नाही. वरच्या बाईंचे ४८,००० असल्याच कुणाच्या तरी खात्यात गेलेत, आणि पोलीस आधी खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात. उघडून दिलं असेल तर आजच सिम ब्लॉक करा, मुलाला घेऊन शाखेत जा, काय झालं ते खरं लिहून खातं गोठवायचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.