वाचक विचारतात : ‘नोस्फेराटू’ची सावली, वेग आणि हरवलेली रात्र

‘नोस्फेराटू’ हा 1922 चा जर्मन मूकपट इंटरनेटवर पाहिला. त्यातला रक्तपिपासू काउंट ओर्लोक भर दुपारी शवपेटी काखोटीला मारून गावातून फिरतो आणि शेवटी सूर्यप्रकाशाने मरतो! मुर्नाऊसारख्या दिग्दर्शकाच्या हे लक्षात कसं आलं नाही? – एक वाचक, नाशिक

चूक दिग्दर्शकाची नाही, तुम्हाला मिळालेल्या प्रतीची आहे. 1921-22 साली फिल्मची संवेदनक्षमता इतकी कमी होती, की रस्त्यावर खऱ्या रात्री चित्रीकरण करणं जवळपास अशक्यच होतं. त्यामुळे रात्रीचे बाह्यप्रसंग दिवसाच घेत आणि प्रिंटचा तेवढा तुकडा रंगाच्या द्रावणात बुडवत. रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळा, पहाटेला गुलाबी. मग तुकडे जोडून रीळ तयार होई. पुढे या रंगीत प्रिंटवरून कृष्णधवल प्रती काढल्या गेल्या, त्यात रंग उडाला आणि रात्रीची दुपार झाली.

या चित्रपटात हे नुकसान फार मोठं आहे. सूर्यप्रकाशाने पिशाच्च मरतं ही कल्पनाच या चित्रपटाची. ज्या कादंबरीवर तो बेतला, त्या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. शेवटच्या अंकात निळ्याचं गुलाबी होतं, तेव्हाच प्रेक्षकाला कळतं की आता याची धडगत नाही. सगळं एकसारखं करडं दिसलं तर ती प्रत सोडून द्या. जुने जर्मन चित्रपट जतन करणाऱ्या मुर्नाऊ प्रतिष्ठानने 2006 च्या सुमारास पूर्ण केलेली आवृत्ती शोधा. ती 1922 च्या रंगवलेल्या फ्रेंच प्रिंटच्या आधारे केली आहे.

कुठे सव्वा तास, कुठे दीड तासाहून जास्त. यातला पूर्ण चित्रपट कोणता? – फिल्म सोसायटीचे सभासद, पुणे

मूकपटाची लांबी मिनिटांत नाही, मीटरमध्ये मोजायची. मूळ लांबी 1967 मीटर. 35 मिमी फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण 52.5 चौकटी (एकेक स्थिर चित्रं) बसतात, म्हणजे एकूण सुमारे 1 लाख 3 हजार चौकटी. सेकंदाला 18 च्या वेगाने हा चित्रपट 95 मिनिटं चालतो आणि बोलपटाच्या 24 च्या वेगाने जेमतेम 72. म्हणजे छोटी प्रत कापलेलीच असेल असं नाही, नुसती पळवलेलीही असू शकते. ओळखायचं कसं? साध्या प्रसंगात माणसं तुरुतुरु चालतात का ते बघा.

जंगलातली ओर्लोकची घोडागाडी मात्र मुद्दामच वेगवान आहे, आणि शवपेट्या गाडीवर रचण्याचा प्रसंग चौकट-चौकट थांबून घेतला आहे. बाकीची माणसं नेहमीच्या चालीने चालली, तरच काउंटची ती अमानवी घाई अंगावर येते. सगळाच चित्रपट पळवला, की त्याचा विनोद होतो.

जिन्यावरून चढणारी सावली आम्हाला एकांकिकेत हवी आहे. दोनदा प्रयत्न केला; भिंतीवर नुसता काळा ढग पडला. – नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी, सांगली

ढग पडतो तो दिवा मोठा असल्यामुळे. पॅनेल लाइट किंवा दुधी काच लावलेला दिवा इथे उपयोगाचा नाही. लेन्स आणि परावर्तक नसलेला, शक्य तितका छोटा एकच उघडा दिवा घ्या.

आता हिशेब. दिव्यापासून भिंतीचं अंतर भागिले दिव्यापासून नटाचं अंतर, तितक्या पट सावली मोठी होते. भिंत साडेचार मीटरवर आणि नट दीड मीटरवर असेल तर सावली तिप्पट. कडेचा धूसरपणाही असाच काढता येतो : दिव्याची रुंदी गुणिले नट-भिंत अंतर, भागिले दिवा-नट अंतर. याच मांडणीत दिवा 1 सेंमीचा असेल तर कड 2 सेंमी पसरते. 10 सेंमीचा असेल तर 20 सेंमी, आणि बोटं गायब! तुमचा ढग तो हाच.

दिवा जमिनीलगत ठेवा, म्हणजे सावली वर चढते. नटाने भिंतीला समांतर चालायचं. दिव्याकडे सरकला तर सावली फुगेल, भिंतीकडे गेला तर आक्रसेल. हातही भिंतीला समांतरच हवेत. बोटं दिव्याच्या दिशेने वळली की सावलीत त्यांचा गोळा होतो. ओर्लोक झालेल्या माक्स श्रेकची ती सावली नीट बघा : पोक, नाक, नखं सगळं बाजूने दिसतं, आणि बोटं एकमेकांपासून सुटी आहेत.

भिंत फिकट आणि बिनचकाकीची असावी. तिच्यावर दुसरा कुठलाही उजेड पडू देऊ नका. पुढचे दिवे तेवढाच उजेड टाकत असतील तर काळ्या सावलीऐवजी करडा डाग मिळेल. नट आणि दिवा दोघंही विंगेत. मूळ प्रसंगातही काउंट स्वतः दिसत नाही, दिसते ती भिंतीवरची त्याची सावली. पुढे हाताची सावली नायिका एलेनच्या पांढऱ्या पोशाखावर सरकते आणि काळजाशी मूठ आवळते. पोशाख गडद असता तर ती मूठ दिसलीच नसती, तेव्हा तुमच्या नायिकेलाही पांढरंच नेसवा.

शेवटी काउंट विरून जातो, ते मोबाइलवर जमेल का? – एक वाचक, चिपळूण

जमेल. त्या काळी हे कॅमेऱ्यातच करत : नटासह दृश्य घेता घेता प्रकाश हळूहळू बंद करायचा, फिल्म तेवढीच मागे घ्यायची आणि रिकाम्या खोलीवर प्रकाश हळूहळू उघडायचा. तुम्ही ट्रायपॉडवर दोन शॉट घ्या, एक नटासह आणि एक रिकामा, आणि संकलनात दोन-तीन सेकंद एकमेकांवर विरघळवा.

बिघडतं ते दोन कारणांनी. फोनला जरा धक्का लागला की खोलीच हलते. म्हणून चित्रीकरण सुरू-बंद करायला टायमर किंवा रिमोट वापरा. दुसरं म्हणजे स्वयंचलित एक्स्पोजर. काळ्या कोटातला माणूस चौकटीतून गेला की फोन आपणहून उजेड बदलतो. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा, आणि ढग येण्याआधी दोन्ही शॉट पाठोपाठ उरका.

हा ‘कॅलिगारी’च्याच पठडीतला ना? – एक वाचक, पणजी

काही अंशीच. ‘कॅलिगारी’ या जर्मन मूकपटातलं (1920) वेडंवाकडं जग रंगवलेल्या पडद्यांचं आहे. इथे जर्मनीतल्या विस्मारच्या गल्ल्या, ल्युबेकची मिठाची जुनी गोदामं आणि स्लोव्हाकियातला ओरावा किल्ला, सगळं खरं. वाकडेपणा आहे तो पात्राला चौकटीत कुठे उभं केलं त्यात : ओर्लोक कमानीच्या दारात असा घट्ट बसतो, की दार त्याच्या मापाने बेतलंय असं वाटावं. आम्हाला हीच रीत जास्त भितीदायक वाटते.