वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचा मंद उजेड

प्रश्न : आमची १९९६ ची प्रीमियर पद्मिनी अजून उत्तम चालते, पण रात्री घाटात समोरचं धड दिसत नाही. ओळखीचा वायरमन म्हणतो, १००/९० वॅटचे (लांबच्या झोताला म्हणजे अप्परला १००, जवळच्या झोताला म्हणजे डिपरला ९०) बल्ब टाका. टाकावेत का? (एक वाचक, कराड)

उत्तर : टाकू नका. आधी माप घ्या. इंजिन चालू ठेवून रेस जरा वाढवा, डिपर लावा आणि मल्टिमीटरने बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. मग बल्ब जोडलेलाच ठेवून होल्डरच्या मागून प्रोब टेकवा आणि तिथलं व्होल्टेज बघा. एवढ्या जुन्या वायरिंगमध्ये बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर ११.७ असा फरक निघाला, तर नवल नाही. तुमचा उजेड या दोन व्होल्टमध्ये अडकलेला असतो.

हॅलोजनचं व्होल्टेज थोडं उतरलं की उजेड फार उतरतो. एच-४ या दोन फिलामेंटच्या हॅलोजन बल्बची डिपरची फिलामेंट १३.२ व्होल्टला साधारण १००० लुमेन (उजेडाचं एकक) देते. ११.७ ला तीच फिलामेंट साडेसहाशेच्या आसपास येते आणि उजेड पिवळट दिसतो.

पद्मिनीत हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. सगळा करंट फ्यूज बॉक्समधून, स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून पुढे येतो. ५५ वॅटचे दोन बल्ब सव्वानऊ अँपिअर ओढतात, ९० वॅटचे दोन पंधरा. वायर तीच राहिली तर व्होल्टेज आणखी पडतं, स्विचचे पॉइंट जळतात, होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा मुलामा काळा पडतो. शिवाय समोरच्याचे डोळे दिपवणारा उजेड केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमात बसत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला गाडी आरटीओत दाखवावी लागते, तेव्हा हेच बल्ब आडवे येतात.

आता बल्ब काढून त्याचं बूड बघा. जुन्या दिव्यांत ४५/४० वॅटचा, गोल पत्र्याच्या मोठ्या बुडाचा पी-४५-टी बल्ब असतो. त्या जागी एच-४ बसत नाही. कानस मारून बसवला तर फिलामेंट जागेवर येत नाही आणि झोत बिघडतो. काच आणि रिफ्लेक्टरसकट सात इंची गोल एच-४ दिवा घ्या. जीप आणि अँबॅसिडरला याच मापाचा दिवा लागतो, त्यामुळे मिळायला अडचण नाही. परदेशी दिवा घेताना मात्र काच निरखून बघा. युरोपीय ई-मार्क (मान्यतेचा शिक्का) असलेल्या दिव्यावर, समोर उभं राहिलं असता आपल्या उजव्या हाताला टोक असलेला आडवा बाण हवा. तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा दिवा. बाण नसलेला दिवा उजव्या बाजूच्या वाहतुकीचा. तो आपल्याकडे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत टाकतो.

बल्ब साधे ६०/५५ वॅटचेच ठेवा आणि खर्च वायरिंगवर करा. लागतं ते असं : १२ व्होल्ट ३० अँपिअरचे चार पिनांचे दोन रिले (एक डिपरला, एक अप्परला), १५ अँपिअरचे दोन फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि दोन सिरॅमिक होल्डर. बॅटरीच्या प्लसवरून निघालेल्या वायरला वीतभर अंतरातच फ्यूज द्या. तिथून वायर रिलेच्या ३० नंबरला आणि ८७ वरून दोन्ही बल्बना. जुन्या होल्डरमधल्या डिपर आणि अप्परच्या वायरी आता फक्त आपापल्या रिलेच्या ८६ ला जोडायच्या, ८५ अर्थला. काही गाड्यांत, विशेषतः जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये, स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे जोडणी उलटते, म्हणून टेस्ट लॅम्प लावून खात्री केल्याशिवाय वायर कापू नका.

तयार किट घेतलं तर वायरीचं टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. किट परत करा. अस्सल तांब्याच्या २.५ च्या दीड मीटर वायरीत सव्वानऊ अँपिअरला जेमतेम ०.१ व्होल्ट पडतं.

अर्थिंगची हयगय सगळ्यात जास्त होते. दिव्याजवळच्या गंजक्या पत्र्यावर स्क्रू मारून भागत नाही. पत्रा चमकेपर्यंत घासा, लग (वायरीच्या टोकाचा धातूचा कान) आवळा, वर ग्रीस लावा. त्याहून चांगलं म्हणजे अर्थची वायर थेट बॅटरीच्या मायनसला न्या. रिले पिना खाली करून बसवा, पावसाचं पाणी आत राहत नाही. काम झालं की पुन्हा माप घ्या. बॅटरी आणि होल्डरमधला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत यायलाच हवा.

शेवटी सेटिंग. टायरांत हवा बरोबर, चालकाच्या जागी एक माणूस, सपाट जमीन, समोर पाच मीटरवर भिंत. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणा करून घ्या. डिपरच्या झोताची वरची कड त्या खुणेच्या पाच सेंटिमीटर खाली आणि डावीकडे वर चढणारी हवी.

प्रश्न : त्यापेक्षा एच-४ च्या जागी एलईडी बल्बच का लावू नयेत? उजेड पांढरा आणि भरपूर पडतो. (एक वाचक, पणजी)

उत्तर : गाडीच्या तोंडाशी भरपूर पडतो, लांब नाही. एच-४ च्या डिपर फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्यावर जाणारा उजेड अडवते, म्हणून झोताला वरून स्वच्छ कड येते. एलईडीच्या चिपा फिलामेंटच्या जागी तंतोतंत येत नाहीत. मिलिमीटरभर फरकानेही कड विस्कटते. जवळची जमीन लख्ख उजळल्यामुळे डोळ्यांची बाहुली आक्रसते आणि लांबचं आणखीच कमी दिसतं. पावसात आणि धुक्यात पांढरा उजेड परतून अंगावर येतो. एलईडी बल्बच्या मागचा पंखा दिव्यामागच्या रबरी टोपीत मावत नाही, मग टोपी कापली जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात रिफ्लेक्टरवर बाष्प धरतं. एलईडीच हवा असेल, तर स्वतःची काच असलेला अखंड सात इंची दिवा घ्या आणि वर सांगितलेला बाण बघा.

प्रश्न : आमच्या २००८ च्या गाडीच्या हेडलाइटची प्लॅस्टिकची काच पिवळी पडली आहे. टूथपेस्टने घासून चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चार दिवस चमकेल. पॉलिकार्बोनेटवरचा ऊन अडवणारा थर उन्हाने गेला की काच पिवळी पडते. तो थर परत द्यावा लागतो. कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावा. ८०० नंबरच्या वॉटर पेपरने भरपूर पाणी घालत घासा. आधी पिवळट पाणी निघेल, ते दुधासारखं पांढरं होईपर्यंत थांबू नका. इथे घाई केली की कडेला पिवळे डाग राहतात. मग १५००, २०००, ३००० नंबर, दर वेळी घासण्याची दिशा बदलून. रबिंग कंपाउंड मारा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि ऊन अडवणाऱ्या टू-के क्लिअरचे (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक लॅकर) दोन पातळ हात द्या. हा क्लिअर श्वासाला घातक असतो. उघड्यावर, रसायनांसाठीचा मास्क लावूनच फवारा. क्लिअर दिला नाही तर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. बारीक तडे काचेच्या आतून असतील, तर घासून काही होणार नाही, दिवाच बदला.