ख्रिस्ती असूनही स्वतःबद्दल विश्वास वाटत नाही. देवाच्या प्रेमात आपली ओळख नेमकी शोधायची कशी?

तुम्ही लिहिलंय की वसईच्या किनाऱ्यावर कोळी ख्रिस्ती घरात वाढलात, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चुकवत नाही, पण दोन नोकऱ्या हातच्या गेल्यापासून ‘देव माझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य कानावरून नुसतं निघून जातं. वर कॉलेजपासून ‘तुम्ही मूळचे कोण?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही. तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण हे दुखणं तुमच्या एकटीचं नाही आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच शिकवण्यात असतं.

मुलांना आपण क्रम उलटा शिकवतो. मिस्सा चुकवू नकोस, आईला उलट बोलू नकोस, म्हणजे देव तुझ्यावर प्रेम करील. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात हा ‘म्हणजे’ जो रुततो तो तिसाव्या वर्षीही निघत नाही. मग नोकरी गेली की मन आपोआप उलटा हिशेब मांडतं: माझ्यातच काही कमी असणार, म्हणून देवानेही हात आखडता घेतला. योहानाच्या पहिल्या पत्रात (4:10 आणि 4:19) क्रम अगदी स्पष्ट आहे. आधी त्याने प्रेम केलं, आपलं प्रेम नंतरचं. हे दोन ओळींत सांगून होतं, पण पचत नाही. पचायला एक प्रसंग बारकाईने पाहावा लागतो, आणि तो तुमच्याच धंद्यातला आहे: योहानाचं शुभवर्तमान, अध्याय 21.

येशूचा शिष्य पेत्र सहा जणांना घेऊन रात्री मासेमारीला जातो. रात्रभर काही लागत नाही. रिकामी होडी घेऊन किनाऱ्याला येणं म्हणजे काय, हे पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही. पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी उभं आहे आणि विचारतं, काही मिळालं का? उत्तर एकच: नाही. मग उजवीकडे जाळं टाकायला तो सांगतो आणि जाळं ओढवत नाही इतकं भरतं. मासे 153, मोठे, आणि जाळं फाटलेलं नाही. किनारा दोनशे हातांवर, म्हणजे साधारण 90 मीटर. किनाऱ्यावरचा तो येशूच आहे हे कळताच पेत्राला धीर धरवत नाही, तो अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी टाकतो.

आता नववी ओवी नीट वाचा. ते किनाऱ्यावर येतात तेव्हा निखारे पेटलेले आहेत, त्यावर मासे आहेत आणि भाकर आहे. हे मासे कुठले? यांनी पकडलेले अजून जाळ्यातच आहेत. म्हणजे यांची मासळी किनाऱ्याला लागण्याआधी त्याचा मासा विस्तवावर होता. ‘तुम्ही पकडलेल्यातले काही आणा’ असं तो दहाव्या ओवीत म्हणतो, त्याच्या आधी नाही. तुमचा सगळा प्रश्न या दोन ओव्यांमधल्या अंतरात आहे. तुमची मेहनत तो नाकारत नाही, ताटात घेतो. पण न्याहारी तुमच्या मेहनतीवर अवलंबून नव्हती. जाळं रिकामं राहिलं असतं तरी ते निखारे तिथे होतेच.

निखारेही मुद्दाम आहेत. मूळ ग्रीकमध्ये कोळशाच्या विस्तवाला ‘अँथ्राकिया’ हा शब्द आहे आणि तो संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक इथे, दुसरा योहान 18:18 मध्ये, प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे पेत्र शेकत उभा राहून प्रभूला नाकारतो. तिथे त्याला विचारतात, ‘तूही त्याच्या शिष्यांपैकीच ना?’ तो म्हणतो, ‘मी नाही.’ थोड्याच वेळापूर्वी बागेत येशूला पकडायला आले तेव्हा येशूने म्हटलं होतं, ‘मीच तो.’ योहानाने ही दोन उत्तरं समोरासमोर ठेवली आहेत. पेत्राचं पाप नुसतं खोटं बोलण्याचं नाही. तो स्वतःची ओळख नाकारतो, आणि आत्मविश्वास जातो तो तिथे.

तोच विस्तव आता किनाऱ्यावर आहे, पण प्रभू विषय लगेच काढत नाही. आधी जेवू घालतो. जेवण झाल्यावर तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ पूर्वीचा पेत्र म्हणाला होता, बाकी सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही (मत्तय 26:33). आताचा पेत्र दुसऱ्यांशी तुलना करत नाही, मोठा शब्दही देत नाही. म्हणतो, ‘प्रभू, तुला माहीत आहे.’ माझ्या मते ख्रिस्ती आत्मविश्वासाची व्याख्या हीच. पहिल्या वाक्याचा भार पेत्रावर होता, दुसऱ्याचा प्रभूच्या ओळखीवर आहे. म्हणूनच हे वाक्य पुढे मोडलं नाही. (या संवादात ‘प्रेम’ साठी दोन वेगवेगळे ग्रीक शब्द आहेत आणि त्यांवर प्रवचनंच्या प्रवचनं उभी राहतात. त्यात फार अडकू नका. पिता पुत्रावर प्रेम करतो हे सांगताना योहान 3:35 मध्ये एक शब्द वापरतो आणि 5:20 मध्ये दुसरा.)

हा अध्याय वाचायची रीत सांगतो, कारण चुकतं ते रीतीत. पहिल्या आठवड्यात फक्त ओव्या 1 ते 14, दुसऱ्यात 15 ते 19. रोज तोच उतारा, नवीन काही नाही. वीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं दोनदा मोठ्याने वाचा. पाच मिनिटं जो शब्द अडला त्याच्यापाशी थांबा. पाच मिनिटं त्यावर प्रभूशी बोला, आपल्या घरच्या भाषेत, प्रार्थनापुस्तकातल्या नव्हे. शेवटची पाच मिनिटं गप्प. हे शेवटचंच जड जातं. तिथे स्तोत्र 131 उपयोगी पडतं, तीनच ओव्यांचं आहे. त्यात दूध तुटलेलं मूल आईपाशी बसलंय. दूध पिणारं मूल दुधासाठी झटतं, दूध तुटलेलं नुसतं आई आहे म्हणून टेकून बसतं. तसं बसायचं.

वाचन मोबाईलवर करू नका. छापील बायबल घ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळा येतो आणि बहुतेक जण तिथेच उतारा बदलतात. बदलू नका, कारण वरवरचे अर्थ तोवर संपलेले असतात आणि खालचं त्यानंतर वर येतं. दुसरी चूक म्हणजे गहिवर यायची वाट बघणं. गहिवर आला तर बरं, नाही आला तरी वीस मिनिटं वाया गेलेली नसतात. तिसरी चूक पहिल्याच दिवशी पेत्राच्या जागी स्वतःला बसवण्याची. आधी प्रसंग बघा: कोण कुठे उभं आहे, विस्तव कुठे, मासे किती. नाहीतर आपलंच रडगाणं आपण पेत्राच्या तोंडून ऐकत बसतो.

दुसरं काम कागदावरचं. स्वतःला मनात ज्या नावांनी हाक मारता ती लिहून काढा. ‘नापास’, ‘घरावरचं ओझं’, जे असेल ते. प्रत्येकापुढे लिहा, हे नाव मला कुणी दिलं. मग मत्तयाचा तिसरा आणि चौथा अध्याय लागोपाठ वाचा. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होताना आकाशवाणी होते: हा माझा प्रिय पुत्र. तोवर येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. पुढच्याच अध्यायात सैतान म्हणतो, ‘तू देवाचा पुत्र असशील तर...’ आणि ‘प्रिय’ हा शब्द गाळतो. सिद्ध करून दाखव, मग मानू. तुमच्या कागदावरची जी नावं या ‘तर’च्या जातीची असतील ती देवाची नाहीत, इतकं खात्रीने समजा.

तुमचा बाप्तिस्मा कधी झाला, ती तारीख माहीत आहे? नसेल तर चर्चच्या ऑफिसातून दाखला काढा, नोंदवहीत असतेच. तान्हेपणी झाला असेल तर आणखी चांगलं, कारण त्या दिवशी तुम्ही काहीही कमावलेलं नव्हतं. डोक्यावर तीनदा पाणी ओतलं, अभिषेकाचं तेल लावलं, पांढरं वस्त्र दिलं, पास्काच्या मेणबत्तीवरून तुमची मेणबत्ती पेटवली. आपल्या चर्चची शिकवण अशी की हा शिक्का पुसला जात नाही, म्हणून हा संस्कार पुन्हा होत नाही. प्रेषित पौल आपल्या पत्रात यासाठी दत्तकाचा शब्द वापरतो (रोमकरांस 8:15-17). दत्तक मूल वारस होतं ते बापाच्या शब्दाने, स्वतःच्या गुणांनी नाही. त्याच ठिकाणी ‘अब्बा’, म्हणजे बाप, हा शब्द येतो. तो बोबड्या बोलातला शब्द असल्याचं सांगतात, ते अर्धंच खरं. मोठी माणसंही बापाला अब्बा म्हणत, जशी आपल्याकडे पन्नाशीतला माणूस वडिलांना आबा म्हणतो.

आता ज्या वादापायी मी हे इतकं लांबवलं तो. ‘स्वतःबद्दल चांगलं वाटणं म्हणजे अहंकार, नम्र राहा’, असं सांगणारी वडीलधारी माणसं प्रत्येक गावात आहेत, आणि आधाराला ती मिस्सेतलीच प्रार्थना काढतात: प्रभू, तू माझ्याकडे यावंस अशी माझी योग्यता नाही. हे शब्द मत्तय 8:8 मधल्या रोमी शताधिपतीचे, म्हणजे सैन्यातल्या एका अधिकाऱ्याचे. पण तो तिथे थांबत नाही. ‘फक्त शब्द बोल म्हणजे बरं होईल’ हा त्याचा पुढचा अर्धा भाग आहे. आणि मिस्सेत ही प्रार्थना म्हणून आपण घरी जात नाही, उठून रांगेत उभे राहतो आणि ख्रिस्तशरीर घेतो. योग्यता नाही हे म्हणणारी माणसं आणि वेदीपुढे जाणारी माणसं तीच. अर्धी प्रार्थना दाखवून मुलींना मान खाली घालायला लावणं याला मी नम्रता म्हणत नाही. नम्रता म्हणजे खरं बोलणं, आणि ‘देवाने मला आपलंसं केलं आहे’ हेही खरंच आहे.

रात्रीसाठी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा आत्मपरीक्षणाचा पाठ घ्या, पंधरा मिनिटांचा. आधी दिवसभरातल्या तीन नेमक्या गोष्टींबद्दल आभार, मग प्रकाश मागणं, मग दिवस सकाळपासून पाहणं, चुकलं त्याची क्षमा, उद्याचा एक निश्चय. आभार वगळून थेट चुकांवर गेलात तर आठवडाभरात हा पाठ कोर्टकचेरी होतो. पापनिवेदनाचंही, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करण्याचंही, तसंच. पाप नेमकं सांगा, एकदा सांगा, क्षमा मिळाली की तेच पुन्हा पुन्हा घेऊन जाऊ नका. जात असाल तर ती भक्ती नव्हे, शंकेखोर झालेलं मन आहे. खुद्द इग्नेशियस स्पेनमधल्या मान्रेसाला असताना या छळातून गेले होते. उपाय जुनाच: एकच फादर धरा आणि त्यांचं ऐका. ‘मी वाईट केलं’ हे पापनिवेदनात सांगायचं, ‘मी वाईट आहे’ हे नाही.

‘मूळचे कोण’ याबद्दल थोडक्यात. वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियांचे वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट संघात जायची त्यांची इच्छा पुरी झाली नाही. त्यांनी व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर गेले आणि 1862 मध्ये संत म्हणून जाहीर झाले, भारतात जन्मलेले पहिले. कवी नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांची मराठी सुटली नाही. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी लोकांनी शुभवर्तमान आपापल्या बोलीत ऐकलं आणि प्रकटीकरण 7:9 मध्ये सिंहासनापुढेही सगळ्या भाषा शिल्लक आहेत. तेव्हा कोळी असणं, मराठी असणं आणि ख्रिस्ती असणं यांतलं काही सोडायला देवाने सांगितलेलं नाही. विचारणाऱ्याला गावाचं नाव सांगा आणि पुढे चला.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा होत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नैराश्य हा विश्वासाचा अभाव नव्हे. घरात कुणी मारहाण करत असेल तर ‘क्रूस समजून सोस’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आणि विश्वास ठेवला की नोकरी लागेलच, असं सांगणाऱ्या उपदेशकांपासून लांब राहा. पेत्राला त्या सकाळी प्रभूने बढतीचं आश्वासन दिलं नाही. मेंढरं चारायला सांगितली आणि म्हातारपणी नको तिकडे नेतील, हेही तिथेच सांगून टाकलं.

आणि तिसऱ्या आठवड्यापासून एक काम धरा, कुणाला तरी जेवू घालायचं. चर्चतर्फे आजारी माणसांना भेटायला जातात त्यांच्याबरोबर जा, नाहीतर शेजारच्या एकट्या आजीकडे डबा न्या. रविवारी एक फेरी, दीड तास पुरे.