उत्तरेकडच्या बेडरूमला निळसर राखाडी रंग दिला तर खोली उदास वाटेल का?

वाटू शकते, आमची वाटली होती. तुम्ही म्हणताय तो शेड म्हणजे आपला पारवाच की. माझ्या आजीची त्या रंगाची इरकल होती, त्यामुळे शेड कार्डवरचा तो दीड इंची चौकोन बघून मी जी भाळले ती थेट पेंटरदादांना डबे आणायला सांगून मोकळी झाले. आता आमची बेडरूमपण उत्तरेची, म्हणजे वर्षातले बरेच महिने थेट ऊन नाहीच, फक्त आभाळाचा उजेड, आणि तो मुळात निळसर, त्यात वर साडेसहा हजार केल्विनचा पांढराफेक एलईडी (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). संध्याकाळी लाइट लावला तर नवरा म्हणतो, "नंबर कितवा आपला?" अगदी दवाखान्याची वेटिंग रूम! सासूबाईंचं राखाडी लोखंडी कपाट तर भिंतीत विरघळूनच गेलं, नुसतं हँडल दिसायचं.

परत रंग काढायचे पैसे नव्हते म्हणून आधी बल्ब बदलले. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेले बघून घ्या, अर्धा फरक तिथेच पडतो. मग कपाट दुसऱ्या खोलीत हलवलं आणि त्याच्या जागी माळ्यावरचा जुना सागवानी दिवाण पॉलिश करून टाकला, वर मोहरी रंगाची चादर. त्या पिवळट लाकडाशेजारी तीच भिंत एकदम छान दिसायला लागली, येणारेजाणारे शेडचं नाव विचारतात आता.

हॉलच्या वेळी मात्र शहाणी झाले होते. सॅम्पलचा छोटा डबा आणला, दोन फुटी पुठ्ठ्याला पांढरा प्रायमर लावून त्यावर रंगाचे दोन हात मारले आणि पूर्ण वाळू दिला (ओला असताना फिका दिसतो, फसू नका), मग तो पुठ्ठा दोन दिवस या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरवत बसले. आमचा हॉल पश्चिमेचा, चारनंतरच्या उन्हात आणि आयव्हरी टाइल्सच्या उजेडात त्याच पारव्याला चक्क हिरवट झाक यायची. म्हणून तिथे एक पायरी फिका आणि राखाडीकडे झुकणारा घेतला. तुमच्या उत्तरेच्या खोलीला किंचित जांभळट किंवा तपकिरी छटा असलेला राखाडी बघा, स्वच्छ निळा नको. छत साधं ऑफव्हाइट ठेवा.

बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, मगच लांबी (पुट्टी) आणि रंग. ओलीने फुटणारा पांढरा खार पांढऱ्या भिंतीवर लपून जातो, या रंगावर लांबूनही दिसतो. आणि उरलेला रंग टाकू नका, झाकणावर शेडचा कोड लिहून डबा माळ्यावर ठेवा, आमच्याकडे सहाच महिन्यांत सायकलच्या हँडलने भिंतीचा टवका उडवला.