गॅरेजचा कट्टा : पाठलागाच्या गाड्या

प्रश्न (म्हापसा): भाचा कॅलिफोर्नियात 1988 ची फोर्ड मस्टँग घेतो आहे. विकणारा म्हणतो, ही हायवे पोलिसांसाठी कारखान्यातच बनलेली गाडी, आणि भावही तसाच लावतो. खरी की सजवलेली, हे कसे ओळखावे?

उत्तर: दारावरचा तारा आणि छपरावरचे दिवे पाहून एक डॉलरही जास्त देऊ नये. उलट कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलच्या मस्टँगवर छपराला दिव्यांची पट्टी नसायचीच, त्यामुळे ती दिसली तर शंका वाढवावी. फोर्डने 1982 ते 1993 या काळात 'स्पेशल सर्व्हिस पॅकेज'च्या, म्हणजे पोलिसी कामासाठीच्या, सुमारे 15,000 मस्टँग बनवल्या. इंजिन 5 लिटरचे व्ही-8. पंचाईत अशी की व्हिन नंबरात, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, या गाड्यांची वेगळी खूण नाही. खूण आहे ड्रायव्हरच्या दारावरच्या लेबलावर, 'डीएसओ' म्हणजे खास ऑर्डरच्या कोडच्या रकान्यात. साध्या गाडीला तिथे दोन अंक, खास ऑर्डरच्या गाडीला सहा. लेबल नवे छापून घेता येते, म्हणून त्यावरचा व्हिन डॅशबोर्डवरच्या पट्टीशी ताडून पाहावा आणि फोर्डच्या उत्पादन-नोंदींवरून निघणारा मार्टी रिपोर्ट मागवावा. त्यातला डीएसओ जुळला नाही तर तिथेच थांबावे.

मग गालिचा उचलायला सांगा. पुढच्या सीटांखाली फरशीला जादा मजबुती दिलेली असते, आणि ती नंतर बसवणे कटकटीचे. इंजिनात ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये ऑइल कूलर, प्रमाणित स्पीडोमीटर, डिकीत पूर्ण मापाचे स्टेपनी चाक, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून बॉनेटपासून बॉडीपर्यंत अर्थिंगच्या पट्ट्या. सिलिकॉनच्या होजपायपांना फार महत्त्व देऊ नका, ते कोणीही विकत आणून लावतो. स्पॉटलाइटचे भोक डाव्या खांबात असते. ते बुजवलेले असेल तर आतल्या बाजूने हात फिरवावा, भोकात भरलेली लांबी (पुट्टी) हाताला लागतेच. मात्र गाडीतले हे खास सामान गाडी मागवणाऱ्या खात्याप्रमाणे बदलायचे, तेव्हा एखादी वस्तू नाही म्हणून गाडी खोटी ठरत नाही.

प्रश्न (वास्को): गल्फमध्ये नोकरीला असताना पोलिसांच्या शेव्हरोले कॅप्रिस पाहिल्या. टॅक्सीच्या कॅप्रिसपेक्षा त्या खरोखर वेगळ्या, की नुसता रंग?

उत्तर: बाहेरच्या खात्यांनी काय काय मागवले ते निरनिराळे. अमेरिकी कारखान्याचे पोलीस पॅकेज म्हणजे कोड 9सी1, आणि टॅक्सीचा 9सी6. डिकीतल्या सुट्या भागांच्या स्टिकरवर तो वाचता येतो. 9सी1 म्हणजे मोठेच इंजिन, हा समज चुकीचा आहे. 1994 ते 1996 च्या गाड्यांत 5.7 लिटरचे 260 अश्वशक्तीचे एलटी1 मिळे, तसेच 4.3 लिटरचे 200 अश्वशक्तीचेही मिळे. व्हिनचे आठवे अक्षर पी असेल तर मोठे, डब्ल्यू असेल तर लहान. पोलीस गाडीचा खरा पैसा कूलिंग, अल्टरनेटर, स्प्रिंगा आणि ब्रेक यांत असतो, कारण ती पळते कमी आणि एसी, दिवे, वायरलेस चालू ठेवून उभी राहते जास्त. फोर्डच्या हिशेबाने एक तास आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे) म्हणजे 33 मैलांची, सुमारे 53 किलोमीटरची झीज. ओडोमीटरचा आकडा कमी दिसला म्हणून हुरळून जाऊ नये.

एलटी1 ची दुखरी नस म्हणजे ऑप्टिस्पार्क डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग. तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाच्या खाली बसतो. पंप ठिबकू लागला की कूलंट थेट त्याच्यावर. पावसात गाडी अडखळते, मिसफायर करते, आणि लोक प्लग-वायरी बदलत बसतात. पंप आणि डिस्ट्रिब्युटर एकाच वेळी, सीलसकट बदलावेत. एकच बदललात तर महिन्या-दोन महिन्यांत तेच काम पुन्हा.

प्रश्न (साखळी): जुन्या पाठलागांच्या गोष्टींत ब्रेक 'जातात'. हे खरे असते का?

उत्तर: असते, पण प्रकार दोन. पेडल कडक आहे आणि गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून घसरताहेत. पेडल पचपचीत होऊन खाली जाते, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली. डॉट 3 या प्रतीच्या ब्रेक ऑइलची किमान उकळमर्यादा नवे असताना 205 अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर 140. डॉट 4 ची 230 आणि 155. गोव्याच्या दमट हवेत ऑइल दर दोन वर्षांनी बदलाच. चोर्ला घाट उतरताना दुसऱ्या गिअरचा आधार घ्या, नुसत्या पेडलवर भिस्त नको.

प्रश्न (फोंडा): कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी कॉन्टेसाला अमेरिकन पोलीस गाडीचे रूप द्यायचे आहे. रंग बदलू का?

उत्तर: रंग बदललात तर आरसी पुस्तकात नोंद करावी लागते. एवढी यातायात नको. दारांवर पांढरे मॅग्नेटचे शीट लावा. दार पोलादी आहे, चांगले धरते. लाल-निळे दिवे आणि पोलिसी सायरन खाजगी गाडीला रस्त्यावर चालत नाहीत, तेव्हा दिव्यांची पट्टी नुसती पोकळ, वायर न जोडता ठेवा आणि मिरवणुकीच्या जागी पोचल्यावरच चढवा. 'पोलीस' अक्षरे असलेले शीटही घरून लावून निघू नका. रात्री सगळे शीट काढून दार कोरडे पुसा. खाली ओल राहिली तर रंगाला फोड येतात, आणि आपल्या खाऱ्या हवेत त्या फोडाचा गंज व्हायला वेळ लागत नाही.