शिल्पकारानं पत्रा का कोरावा?

धुळे,
रविवार रात्र

प्रिय बेटा,

तुझा मेसेज मिळाला. सोबतचे तिन्ही फोटो मोठे करकरून पाहिले. अनिश कपूर यांची रंगीत एचिंग्ज पाहून तू विचारलंस, एवढी अवाढव्य शिल्पं करणारा माणूस कागदाकडे का वळला, आणि मीही आता शिल्प सोडून हेच करू का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सोडू नकोस. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे, म्हणून फोन न करता पत्र लिहायला बसलो.

फोनच्या काचेवर ती चित्रं तुला लाल-काळ्या धुक्यासारखी दिसली असतील. काचेवर तेवढंच दिसणार, कारण त्यांतली मुख्य गोष्ट तिथे येतच नाही. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यात आम्लानं खाचा पाडतात, त्यांत शाई भरतात आणि वरची शाई पुसून काढतात. मग ओलसर कागद प्रेसच्या रुळाखाली इतका दाबला जातो की तो त्या खाचांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. शाईचा बारीक उठाव आणि पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब डोळे मिटून बोट फिरवलंस तरी लागतो. तू मातीत जे करतेस तेच हे, फक्त मिलिमीटरच्या अंशांत.

कपूर यांचा जन्म १९५४ चा, मुंबईतला. १९७३ साली ते लंडनला गेले. १९७९ मध्ये भारतात येऊन गेल्यावर त्यांनी कोरड्या रंगाची पूड वापरून शिल्पं केली, '१००० नेम्स' या नावानं. सारंगखेड्याच्या यात्रेत कुंकवाच्या राशी तू पाहिल्या आहेस. त्या राशीकडे एकटक बघत राहिलं की तिचं टोक कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते, हे नजरेला नक्की सांगता येत नाही. मला वाटतं, कपूर आयुष्यभर ह्याच जागेवर काम करत आले आहेत. वस्तूची कड सुटली की खोलपणा कुठे सुरू होतो? शिकागोचं 'क्लाउड गेट' हे त्यांचं शिल्प सुमारे २० मीटर लांब, ते २००६ मध्ये पूर्ण झालं. पुढच्याच वर्षी लंडनच्या पॅरागॉन प्रेस या छापचित्रांच्या प्रकाशनसंस्थेनं त्यांची 'शॅडो' ही एचिंग्जची मालिका काढली. एक काम लखलखत्या पोलादाचं, दुसरं शाईचं, पण प्रश्न तोच. म्हणून त्या छापांना 'शिल्पाची स्केचेस' म्हणू नकोस. त्यांत कुठलंही शिल्प काढलेलं नाही.

आता तू विचारशील, कड नसलेली ती उतरती छटा पत्र्यात येते कशी? तिला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. राळेची पूड पत्र्यावर धुळीसारखी बसू द्यायची आणि खालून आच द्यायची. आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, तेव्हा मी तासन्‌तास त्याच्या भात्याजवळ बसायचो. नवसागराचा धूर उठला की तो लगेच कथील फिरवायचा नाही. मी घाई केली तर म्हणायचा, "दम धर रे भो." राळेचंही तसंच आहे. पांढुरकी पूड एका क्षणी एकदम पारदर्शक होते, तेव्हाच आच काढायची. त्याआधी काढलीस तर राळ सुटते, उशीर केलास तर सगळे कण एक होऊन जातात. पुढे आम्ल फक्त कणांमधल्या फटी खातं. थोडा वेळ ठेवलास तर राखाडी छटा, जास्त ठेवलास तर मखमलीसारखा काळा. पत्रा आम्लात हळूहळू तिरपा उतरवलास तर छटाही उतरत जाते. तिथे वेळ हीच तुझी छिन्नी.

कृष्णा रेड्डी यांचंही काम शोधून बघ. ते १९२५ साली जन्मले, शांतिनिकेतनात शिकले, आणि मुळात शिल्पकारच. पॅरिसला हेटर यांच्या 'अ‍ॅतलिए १७' या छापचित्रांच्या कार्यशाळेत त्यांनी पत्रा वेगवेगळ्या खोलीवर कोरून एकाच दाबात अनेक रंग छापण्याची रीत घडवली. शाई लावायचा कडक रूळ फक्त उंच भागाला लागतो, मऊ रूळ खोलात उतरतो. एका शाईत जवसाचं तेल जास्त, दुसरीत कमी, त्यामुळे त्या एकमेकींत मिसळत नाहीत. चित्रकारापेक्षा शिल्पकारालाच हे आधी सुचावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

पण तू रंगापासून सुरुवात करू नकोस. मी तीच चूक केली. मला पिकल्या केळीचा पिवळा हवा होता, आणि मी तो जस्ताच्या पत्र्यावर चोळत बसलो. जस्तावर पिवळी शाई हिरवट, मळकी पडते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं पुसण्यात कसर राहते आहे, आणि महागाचा कागद फुकट घालवत राहिलो. तू निदान वर्षभर फक्त काळ्यात काम कर. काळ्यात खोली दिसली नाही, तर लाल घालून ती येणार नाही.

नायट्रिक आम्ल घरी अजिबात आणू नकोस, त्याचा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो. तुझ्या वडिलांना विचार, पिकावर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, लागतंच. मोरचूद आणि तेवढंच मीठ पाण्यात विरघळवलं की ते जस्ताला सावकाश खातं. प्लास्टिकचा टब, हातमोजे आणि उघडा ओटा हवा. पत्र्यावर तांब्याचा लालसर गाळ साचतो, तो पिसानं सारत राहायचा. पाण्याचा निळा रंग उडाला की त्याचं काम संपलं. ते पाणी मात्र नालीत किंवा शेतात ओतू नकोस, तांबं मासे मारतं. धुण्याचा सोडा टाकून गाळ खाली बसू दे आणि बाटलीत भरून माझ्याकडे आण. छपराचा पत्रा चालणार नाही, त्यावर जस्ताचा नुसता पापुद्रा असतो.

पुढच्या रविवारी ये. तळहाताएवढा जस्ताचा तुकडा आण, कडा कानशीनं उतरत्या घासून, नाहीतर कागद फाटेल. पुसायला आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा धडपा आण. उन्हाळ्यात भिजवलेला कागद इथे बघता बघता वाळतो, तेव्हा सकाळी आठच्या आत पोच. कोणती एसटी घेशील ते कळव, म्हणजे मी प्रेसच्या रुळाखाली घालायची लोकरी ब्लँकेटं आदल्या दिवशी उन्हात टाकून ठेवतो.

तुझा,
काका